मुक्कामी गाडीला पुश

पुश केल्याशिवाय कुठलंही राष्ट्र पुढे जात नाही. या इंग्रजी क्रियापदाचे प्रकार दोन. पहिला हातांनी करायचा, दुसरा खुर्चीत बसून. दुसऱ्यात दमछाक जास्त, म्हणून तो करणाऱ्यांना पंखा, चहा आणि दौराभत्ता मिळतो. ते योग्यच आहे.

पहिल्या प्रकारात आमच्या गावाने नाव काढलं. अठ्ठ्याण्णव साली ब्रह्मपुरीहून एसटीची मुक्कामी गाडी सुरू झाली. रात्री यायची, देवळापुढे झोपायची (ड्रायव्हर शाळेत झोपायचा) आणि सकाळी बॅटरी उतरल्यामुळे उठायची नाही. मग गाव तिला उतारापर्यंत लोटायचं. पुढे त्याची रीतच पडली. पहिला धक्का पाहुण्या जावयाचा, बाळंतिणीला माफी, मास्तरांना सवलत (ते नुसतं तोंडाने ‘हां, हां’ म्हणत).

नव्या बॅटरीसाठी ब्रह्मपुरीच्या डेपोत अर्ज केला. साहेब देवमाणूस. मी वर पुश करतो म्हणाले. वरच्यांनी आणखी वर पुश केलं. गावातला कुठलाच अर्ज एवढा चढला नव्हता, आम्हाला अभिमान वाटला. शेवटी उत्तर आलं : सदर गाडी शंभर टक्के वेळेवर सुटते, सबब बॅटरी सुस्थितीत असल्याचे सिद्ध होते. यात खोट काढणार तरी कुठे?

तेव्हा सभेत ठरलं, सोमवारी गाडीला कुणीही हात लावायचा नाही. गाडी अडली म्हणजे साहेबांचे डोळे उघडतील. ठराव मांडला इस्तारीभाऊंनी. तलावात मासे धरणारा माणूस, पण शब्दाचा पक्का. नेमका सोमवारीच त्यांच्या भाग्यश्रीचा ब्रह्मपुरीला बारावीचा पेपर निघाला, आणि दुसरी गाडी थेट दुपारची.

सोमवारी सगळं गाव हात मागे बांधून देवळापुढे उभं. भाग्यश्रीने ओढणी कमरेला खोचली आणि एकटीच गाडीच्या मागे जाऊन भिडली. गाडी तसूभरही हलली नाही.

“बाबा, ठराव तुहा हाय, पेपर माहा हाय,” ती म्हणाली. “तू उभा राह्य. मी लोटून राह्यली.”

इस्तारीभाऊंचा जीव तुटला. पण ठराव म्हणजे ठराव. त्यांनी थोडा विचार केला, गाडीकडे पाठ फिरवली आणि ती पाठच गाडीला लावली. (ठरावात फक्त हाताचा उल्लेख होता.) मग जावई, पाटील, भजनी मंडळ, झाडून सगळ्यांनी पाठी लावल्या. मास्तरांनी ‘हां, हां’ सुरू केलं. उतारावर गाडी अचानक सुरू झाली आणि अख्खं गाव उताणं पडलं.

भाग्यश्रीला पेपर मिळाला. गाडी वेळेवर सुटल्याची नोंद झाली, त्यामुळे बॅटरीचा प्रश्न कायमचा सुटला.

भाग्यश्री धापा टाकत आत चढली, तेव्हा खिडकीशी एक सुशिक्षित प्रवासी आधीपासून बसलेले होते. ते खाली उतरले नव्हते. पडलेलं गाव बघून त्यांना आधी हसू आलं, मग खेड्यांच्या हालाबद्दल मनापासून वाईट वाटलं. हे सगळं त्यांनी बसल्या जागी केलं.

बरं झालं, तुम्ही उतरला नाहीत. तुमची जागा गेली असती.