शांतवनकाकांचा रिकामा डबा

शांतवनकाकांना शिवी दिली तर ते हसतात, पण 'धन्यवाद' म्हटलं की अंगावर येतात.

"कशाचं धन्यवाद? ह्यात माझं काय न्हाय!" हे वाक्य आमच्या कसबा बावड्यातल्या सोसायटीनं इतक्या वेळा ऐकलंय की नवा भाडेकरू आला की आम्ही त्याला पाणी यायची वेळ आणि हे वाक्य एकदमच सांगून टाकतो.

काका कारखान्यातून निवृत्त झालेले फिटर. एकटेच राहतात. दर रविवारी इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून चर्चला जातात आणि उरलेले सहा दिवस लोकांची कामं करतात. कुणाचा नळ गळतोय, कुणाला दवाखान्यात सोबत हवीय, कुणाच्या आईला हयातीच्या दाखल्यासाठी बँकेत न्यायचंय; काका हजर. बरं, न बोलावता हजर. माझा चांगला चाललेला गीझर त्यांनी "बघतो जरा" म्हणून उघडला आणि आम्ही चार दिवस थंड पाण्यानं आंघोळ केली. मी चिडून चार शब्द सुनावले, तर त्यांचा चेहरा खुलला. "आता कसं बोललासा!" म्हणाले.

एवढं करून यांचं म्हणणं काय, तर सत्कर्मांनी माणसाचं तारण, म्हणजे उद्धार, होत नाही. तारण फक्त विश्वासानं, प्रभूच्या कृपेनं. मी शाळामास्तर, वाद घालायची खोड. त्यात 'चांगलं वाग, देव बघतोय' हे ऐकतच वाढलेला. एकदा मुद्दाम वाचून गेलो आणि म्हणालो, "काका, कृतीशिवायचा विश्वास मेलेला असतो, असं तुमच्याच शास्त्रात आहे."

"वाचलासा व्हय? ब्येस केलासा. आता त्याच्या मागची पानंबी वाचा की, तिथं निस्ती कृपाच हाय." आणि खाली बसून माझ्याच स्कूटरचा प्लग साफ करायला लागले.

पण खरा वैताग म्हणजे तो डबा. रोज दुपारी कुणाच्या तरी दाराला एक स्टीलचा कडीचा डबा लटकलेला असतो. आत भाकरी, आमटी, कधी तांबडा रस्सा. कुणी ठेवला ते कळू नये म्हणून काका चपला हातात घेऊन जिना चढतात. डब्याच्या बुडावर मात्र ठळक नाव घातलेलं: 'सौ. रूथ शांतवन'. म्हणजे त्यांची बायको, चार वर्षांपूर्वी वारलेली. तरीही आपल्याला कुणी ओळखलेलं नाही, अशी काकांची ठाम समजूत.

आता माझ्या बायकोच्या, सुनंदाच्या हातून रिकामा डबा परत जाणं या जन्मी शक्य नाही. तिनं एकदा त्यात शेंगदाण्याचे लाडू घालून दिले. काका लाडू घेऊन दारात. "डबा रिकामाच पायजे. भरून दिलासा की मी काय तरी केलं असं हुतंय." तिनं निदान चिमूटभर साखर घातली. काकांनी तीही पुडी बांधून परत केली. ती पुडी महिनाभर जिना चढत-उतरत होती आणि दोघांच्या मध्ये निरोप्या मी.

शेवटी सोसायटीचा सेक्रेटरी म्हणून मला एक कल्पना सुचली. मूर्खपणाचीच होती. वार्षिक सभेत काकांना न सांगता त्यांचा सत्कार ठेवला. शाल, श्रीफळ, फेटा, सगळं कोल्हापुरी थाटात. भाषणात मी म्हणालो, "अंथरुणाला खिळलेल्या रूथकाकूंची सात वर्षं सेवा करणाऱ्या या पुण्यवान माणसासाठी स्वर्गात पहिली खुर्ची राखून ठेवलेली आहे!" काकांनी अर्धा बांधलेला फेटा डोक्यावरून उतरवला, माझ्या हातात दिला आणि निघून गेले. टाळ्या अर्ध्यावरच राहिल्या आणि मी फेटा नि नारळ घेऊन उभा.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. काका चर्चमधून परतायची वेळ बघून मी भांडायला गेलो. हातात त्यांचाच एक रिकामा डबा होता, तेवढंच निमित्त.

"चार लोकांत माझी शोभा केलीत, काका! एवढा कसला अहंकार?"

काका भाकरी थापत होते. वळले नाहीत.

"सात वर्सं केलं म्हणालासा. शेवटच्या दिवसाचं ठावं हाय? गडमुडशिंगीच्या एका म्हाताऱ्याचं डोळ्याचं आपरेशन हुतं. त्येला घिऊन मी दवाखान्यात गेलतो. रूथ म्हणाली, आज जाऊ नका, मला भ्या वाटतंय. मी तिच्यावर वरडलो. म्हटलं, लोकांची कामं पडल्यात, तुझं रोजचंच हाय." त्यांनी भाकरी तव्यावर टाकली. "परत आलो तवा ती गेली हुती. एकटीच."

त्यांनी भाकरी उलटली.

"त्याच दिवशी त्या म्हाताऱ्यानं पाया पडून मला पुण्यवान म्हटलं हुतं, सर. आता सांगा, ह्ये कर्म कुठल्या पारड्यात घालू? तराजू लावला तर मी गेलोच. प्रभू बिनतराजूचा आत घेतो, ह्याच्यावर माझा विश्वास हाय. न्हायतर रूथ मला भेटायची कशी? माफी मागायची हाय तिची."

काहीतरी बोलायचं म्हणून मी विचारलं, "मग हे डबे कशाला?"

"एकट्यापुरतं रांधायला अजून जमत न्हाय. हात दोघांचंच घालतोय. तिच्या वाट्याचं तिच्या डब्यात भरतो. सांगतोय न्हवं, ह्यात माझं काय न्हाय."

इतके दिवस मी हे वाक्य नम्रतेचं नाटक समजत होतो. मला माझीच लाज वाटली. मी हातातला डबा फळीवर ठेवला आणि टेबलाशी बसलो.

"आज डबा भरू नका. मी इथंच जेवतो."

त्यांनी संशयानं बघितलं. "मला बरं वाटावं म्हणून बसत असशीला, तर उठा."

"भूक लागलीय," मी म्हणालो, आणि खरंच लागली होती.

काकांनी मांडणीतून दुसरं ताट काढलं. त्याच्या काठावरही रूथकाकूंचं नाव होतं. ते त्यांनी फडक्यानं दोनदा पुसलं आणि माझ्यापुढं ठेवलं. रस्सा झणझणीत झाला होता. तसं सांगायला मी तोंड उघडलंही, पण काका माझ्याकडेच रोखून बघत होते. मी मुकाट्यानं वाटी पुढं केली, आणखी वाढा म्हणून.