विमा उतरवलेल्या कॅमेऱ्याची आंघोळ

आखाडा बाळापुरात विमा उतरवलेला कॅमेरा एकच, आणि तो माझा! चोरी झाली, हरवला, मोडला, बिघडला, कशाचीच फिकीर नाही! पॉलिसीचा कागद मी फ्रेम करून स्टुडिओत नवरा-नवरींच्या फोटोंच्या मधोमध टांगला होता. आलेल्या गिऱ्हाइकाला आधी तो वाचून दाखवायचो, मग फोटो काढायचो. कागद इंग्रजीत, म्हणून फक्त मोठी अक्षरं वाचायचो. बारीक अक्षरांच्या वाट्याला मी कधी गेलो नाही.

खंडेनवमीला आमच्याकडे कुदळ, खुरपं, कोयता, ट्रॅक्टर सगळं पूजेला मांडतात. कॅमेरा मात्र मी दरवर्षी कपाटात कुलूप लावून ठेवायचो. आबा, म्हणजे माझे वडील माणिकराव, दरवर्षी विचारायचे, "तुजं हत्यार काहून लपवून ठेवतूस रे?"

यंदा मी छाती फुगवून म्हणालो, "घ्या आबा, मांडा पूजेला! इमा काढलाय आता!"

आणि झेंडूची फुलं आणायला वारंगा फाट्याला निघून गेलो. इथंच माती खाल्ली! न धुतलेलं हत्यार आमच्या घरात पाटावर चढत नाही, हा नियम मला लहानपणापासून पाठ होता. तो कॅमेऱ्यालाही लागू होईल, हे काही डोक्यात आलं नाही.

परत येऊन बघतो तर खुरप्यांच्या रांगेत कॅमेरा लखलखत होता. भिंगावर हळदकुंकवाची बोटं आणि खाली पाण्याचं थारोळं!

"आबा! ह्याला काय केलं?"

"धुतला की! ट्रॅक्टर धुयाचा पाइप व्हताच हातात. लई मळ व्हता. भिंग फिरवलं तर सुटलं, मंग आतून बी धुतला!"

"आणि भिंगाला कुंकू?"

"मंग कपाळ कुठंय त्याला?"

मी कॅमेऱ्याचं बटण दाबलं. तो सुरूच होईना. दोन दिवस तांदळाच्या डब्यात पुरून ठेवला, तरी ढिम्म!

आता दिवाळीनंतर वसमतच्या हळदीच्या व्यापाऱ्याकडचं लग्न होतं. माझ्या आयुष्यातलं सगळ्यात मोठं काम! ते हातचं गेलं असतं तर पुढं अर्जांना चिकटवायचे पासपोर्ट फोटोच काढत बसावं लागलं असतं.

पण विमा होता ना! एजंटला फोन लावला. तो म्हणाला, "चुकून भिजला असंल तर क्लेम बसतो. घरच्यानं धुतला असंल तर न्हाई. बारीक अक्षरात लिवलंय."

मी लगेच नवी हकीगत रचली. शेळीनं पट्टा ओढला आणि कॅमेरा हौदात पडला! माझी बायको सुकन्या म्हणाली, "खोटं कशाला बोलता? आबाला जमणार न्हाई, अन् मला बी."

"तुमी फक्त गप बसा!" मी म्हणालो.

आठवड्यानं नांदेडहून विमा कंपनीचे रतनसिंग पाहणीला आले. त्यांनी शेळी पाहिली, हौद पाहिला, मग कॅमेरा उघडून बराच वेळ आत डोकावले.

"हौद में इतना गाळ है, और अंदर मिट्टी का एक कण नहीं? कमाल है!"

आबांना हे सहन झालं नाही. "कशी राहील माती? म्या दोनदा धुतला! शेळी कुठली धुती एवढं बराबर!"

"वय झालंय त्यांचं," मी घाईघाईनं म्हणालो. "काही पण बोलतात!"

रतनसिंगांनी मान डोलावली. "ठीक है. भिजायच्या आधीचा कॅमेऱ्याचा एक फोटो दाखवा."

अर्ध्या तालुक्याचे फोटो काढले होते मी! कॅमेऱ्याचा मात्र एकही नव्हता.

"माझ्याकडं हाय की!" सुकन्यानं मोबाइल पुढं केला. खंडेनवमीला तिनं स्टुडिओच्या नंबरवर स्टेटसला ठेवलेला फोटो होता तो. आबांच्या हातात पाइप, पाण्याच्या फवाऱ्यात इंद्रधनुष्य आणि मधोमध कोरडा, अगदी शेवटच्या क्षणी कोरडा, माझा कॅमेरा! खाली 'सर्वांना शुभेच्छा'.

रतनसिंग पाहतच राहिले. "किसने निकाला?"

"म्या," सुकन्या म्हणाली.

"बहोत बढिया!" मग माझ्याकडे वळून म्हणाले, "तुमचा क्लेम गेला. पण हा फोटो मला पाठवा."

ते गेले तसा मी वसमतला फोन लावला. कॅमेरा बंद पडलाय, दुसरा कुणी बघा, असं सांगून टाकलं.

व्यापारी म्हणाले, "अहो, कॅमेरा कुठूनबी मागून आणा. पर खंडेनवमीला तुमच्या स्टेटसवर जो फोटो बघितला, तो ज्यानं काढला, त्यालाच पाठवा!"

कळमनुरीच्या मित्राचा कॅमेरा मागून आणला. लग्न झोकात झालं. सुकन्यानं फोटो काढले आणि मी दिवसभर लाइटची छत्री धरून उभा होतो.

पॉलिसीच्या फ्रेममध्ये आता आबांचा तो फोटो आहे. गिऱ्हाईक आत येतं, फोटो बघतं, मग मला बघतं आणि विचारतं, "बाई कवा येतील?"