तानबाचा अंगठा

तानबा वारल्यानंतर त्याच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी सकाळी सात वाजता बाबाराव अंगणात उकिडवे बसून सायकलमध्ये हवा भरत होते. म्हणजे हवा भरत होतं ते यंत्र. बाबाराव नुसते त्याच्याकडे बघत होते. हातात मावेल एवढं ते चार्जिंगवर चालणारं यंत्र गुरगुरत होतं, त्याच्या काचेवर हिरवे आकडे चढत होते आणि आकड्यांबरोबर बाबारावांचे ओठ हलत होते. एकतीस वर्षं त्यांनी लोकांच्या घरचे विजेचे मीटर वाचले होते. आकडा दिसला की त्यांचा जीव भांड्यात पडे.

"मैताच्या घरी जाऊन राह्यले का शर्यतीले?" त्यांच्या बायकोने, सीताबाईंनी, दारातून विचारलं.

टायरच्या कडेला जास्तीत जास्त दाब साठ असं लिहिलं होतं. बाबारावांनी पासष्ट भरली, पुढे पासष्ट आणि मागे पासष्ट. वीज कार्यालयात मुरलेला माणूस वाटेतली गळती धरूनच चालतो.

दोन महिन्यांपूर्वीपर्यंत या सायकलीत हवा भरायचं काम तानबाचं होतं. बोरगाव मेघेच्या रस्त्यावर टिनाच्या पत्र्याखाली त्याचं दुकान. गरज असो-नसो, बाबाराव रोज सकाळी तिथे जायचे. तानबा पंप मारायचा, अंगठ्याने टायर दाबायचा आणि "झालं" म्हणायचा. मग दोघे चहा प्यायचे आणि जगातल्या सगळ्यांना नावं ठेवायचे. असं तीस वर्षं चाललं. मीटरवाल्याने तीस वर्षं अंगठ्यावर विश्वास ठेवला, याचंच खरं तर नवल वाटायला हवं.

मार्चमध्ये ऊन चढायला लागलं आणि तानबाने हवा कमी केली. तशी तो दरवर्षीच करायचा, पण तेव्हा बाबाराव नोकरीत होते आणि त्यांना डोकं लावायला दुसऱ्या जागा होत्या. निवृत्तीनंतरचा हा पहिला उन्हाळा. त्यांनी टायर दाबून पाहिला आणि अर्धीच हवा भरल्याची तक्रार केली. तानबा म्हणाला, उन्हाळ्यात एवढीच भरायची. बाबारावांनी विचारलं, एवढी म्हणजे किती? तानबाने अंगठा वर करून दाखवला.

"काऊन पन?" बाबारावांनी कारण विचारलं.

"ऊन तापू दे. मंग कळन तुले."

तानबाच्या दुकानात चार गिऱ्हाइकं उभी होती. ती हसली. आणि बाबाराव, ज्यांच्या तोंडून उभ्या जन्मात शिवी निघाली नव्हती, सगळ्यांदेखत म्हणाले, "अंगठाछाप मानसाच्या हाती सायकल देनंच चुकलं माह्यं."

ज्या वस्तीत पोरगं नापास झालं तर घरातली चूल दोन दिवस धड पेटत नाही, तिथे हा शब्द आईवरच्या शिवीपेक्षा वाईट. तानबा शाळेतून दुसरीतच उठला होता, बापाच्या दुकानात पंप धरायला. तो चाळिशीत असताना त्याची मुलगी मयुरी हिने त्याला सही शिकवली. ती सही तो बँकेत, मागितली नाही तरी, दोन-दोनदा करायचा. हे सगळं बाबारावांना माहीत होतं, आणि माहीत असलेला माणूसच असा बरोब्बर जागी मारू शकतो. तानबाने पंप उचलला आणि दुसऱ्या सायकलीकडे वळला.

बाबारावांनी त्याच दुपारी ठरवलं, आता सायकलचं सगळं घरीच करायचं. वर्ध्याच्या हार्डवेअरच्या दुकानात जाऊन त्यांनी हातपंप, पायपंप आणि काटा असलेला पायपंप पाहिला. प्रत्येकाला एकच प्रश्न, आकडा कुठे दिसतो? दुकानदाराने कंटाळून शेवटी ते हिरव्या आकड्यांचं यंत्र काढून दिलं. त्याबरोबर चोवीस पान्यांचा संच, टायर उचलायच्या पट्ट्या, चेन तोडायचं हत्यार, पंक्चरची डबी आणि ग्रीसचा डबा आला. सायकलला लागतात तीन पाने. उरलेले एकवीस भिंतीवर खिळ्यांना टांगले गेले. सीताबाई म्हणाल्या, एवढ्या सामानात तुमचे गुडघेही उघडून पाहा एकदा.

गुडघे वाचले, पुढचं चाक वाचलं नाही. बाबारावांनी ते उगाचच उघडलं आणि आतले बेअरिंगचे छर्रे सांडले. विसातले सतरा सापडले. तीन न्हाणीच्या मोरीतून गेले. सतरांवरच चाक बसवल्यामुळे सायकल कुईंकुईं करायला लागली. रोज सकाळी बाबाराव ती कण्हणारी सायकल तानबाच्या दुकानासमोरून मुद्दाम न्यायचे. आवाजावरून सायकलचा आजार ओळखणारा तानबा मान वर करत नसे. तो हाक मारेल याची बाबाराव वाट पाहत होते. चूक यांची, आणि हाक मात्र त्याने मारायची.

एप्रिलच्या शेवटी तानबाच्या छातीत कळ आली. त्याला सावंगीच्या दवाखान्यात भरती केलं. बाबाराव दुसऱ्या दिवशी तिथे गेले, वॉर्डाच्या दारापर्यंत पोचले. तानबा झोपला होता. उठवून माफी मागायची कशी, असं म्हणून ते माघारी फिरले. उद्या येऊ, म्हणाले. तानबाला तो उद्या मिळाला नाही. तेव्हापासून बाबारावांना घास गिळवत नव्हता आणि हे ते कोणाला सांगूही शकत नव्हते, कारण सांगायचं तर तो शब्द पुन्हा तोंडातून काढावा लागला असता.

त्यातच मयुरी घरी येऊन गेली. "काका, बाबाबद्दल तुमीच बोलजा," ती म्हणाली. "आई म्हने, तुमच्याशिवाय कोन बोलन?" रुख्माबाईला, तानबाच्या बायकोला, काही माहीत आहे की नाही, हे मयुरीच्या चेहऱ्यावरून कळेना. बाबारावांनी तीन रात्री खपून कागदावर आठ ओळी लिहिल्या. कष्टाळू, मनमिळाऊ, सर्वांच्या सुखदुःखात धावून जाणारा. या ओळी कोणाच्याही मरणाला चालल्या असत्या.

कार्यक्रम अकराला, तानबाच्या घरापुढच्या मांडवात होता. बाबारावांना पोचायला उशीर झाला, कारण निघायचं धाडस होत नव्हतं. निंबाची सावली मोटरसायकलींनी आधीच धरली होती. त्यांनी सायकल मांडवाबाहेर, टिनाच्या कुंपणाला टेकवून उन्हात लावली. मे महिन्यातलं वर्ध्याचं ऊन, त्यात मागे तापलेलं टिन. आणि टायर तर असे चिरलेले, की तानबाने दोन वर्षांत चारदा बदलायला सांगितले होते.

भंतेजींनी त्रिशरण-पंचशील दिलं. पाण्याचा विधी झाला. मग सगळे दोन मिनिटं मौन पाळायला उभे राहिले. रुख्माबाई पुढे, फोटोसमोर उभी होती. मांडवात नुसता कुलरचा आवाज होता. बाबारावांनी डोळे मिटले आणि मनातल्या मनात म्हणाले, तानबा, माफ कर लेका.

बाहेर धाडकन आवाज झाला.

बाया किंचाळल्या, एक कुत्रं मांडवातून आरपार गेलं. आणि सगळ्यांनी बाबारावांकडे पाहिलं. त्यात त्यांच्यावर संशय नव्हता. बोरगावात मोठा आवाज झाला की लोक आधी विजेच्या डीपीकडे बघतात आणि मग बाबारावांकडे. बाबारावांना मात्र आवाज कशाचा ते पहिल्या क्षणीच कळलं होतं.

"डीपी उडाली काय?" शेजारच्या श्रावणने हळूच विचारलं.

"डीपीच असन," बाबाराव म्हणाले.

असलं खोटं पचायला निदान लाईट जावी लागते. कुलर सुरू होता, पंखा फिरत होता, माईकचा लाल दिवा जळत होता. श्रावणने कुलरकडे पाहिलं, मग बाबारावांकडे पाहिलं, पण एकतीस वर्षांच्या नोकरीपुढे तो काय बोलणार. तो लाईनमनला फोन लावायला खिसा चाचपू लागला. बाबारावांनी त्याचा हात धरला. भंतेजी शांतपणे म्हणाले, मौन पुन्हा सुरू करू.

पुन्हा सगळे उभे राहिले. आता बाबारावांच्या डोक्यात तानबा नव्हता, फक्त मागचं चाक होतं. तिथेही पासष्टच भरली होती. मौनात हलावं तर अपमान, हलू नये तर दुसरा बार. अर्धं मिनिट त्यांनी काढलं. मग एकेक पाऊल मागे सरकत, चपला न घालता, पोळणाऱ्या मातीवरून ते कुंपणाशी पोचले. मांडवातल्या निम्म्या माणसांनी एक डोळा उघडला होता. पुढचा टायर दात विचकून पडला होता. बाबाराव मागच्या चाकाशी वाकले, व्हॉल्व्हच्या टोपीला बोट लावलं, आणि टायर त्यांच्या तोंडापुढेच फुटला.

धूळ खाली बसली तेव्हा बाबाराव मातीत बसले होते आणि अख्खा मांडव त्यांच्याकडे बघत होता. मौन तिसऱ्यांदा सुरू करा असं कोणी म्हटलं नाही. श्रावणने येऊन त्यांना उठवलं, आणि बोलायची वेळ झालीच होती म्हणून तसंच माईकपुढे नेऊन उभं केलं.

त्यांनी कागद काढला. घामाने तो ओला झाला होता आणि कानात नुसती शिट्टी वाजत होती. कष्टाळू हा शब्द दिसला, तो त्यांच्याने वाचवेना. त्यांनी कागद खिशात घातला.

"तानबा मले म्हने, उनाळ्यात हवा कमी भराची," ते म्हणाले. "मी म्हनलं, तुले काय समजते, तू अंगठाछाप हाये. चार लोकायच्या पुढं म्हनलं. त्याच्या अंगठ्याले समजत होतं थे माह्या मशीनले नाई समजलं. मी त्याची माफी मांगाले गेलतो, पन झोपला होता म्हनून परत आलो. उठवाले पायजे होतं." एवढं बोलून ते खाली बसले आणि सगळ्यांदेखत रडले. कोणी समजूत घातली नाही, आणि ते बरंच झालं.

जेवणं झाली, माणसं गेली. निघताना पाच-सहाजण आपापल्या गाडीच्या चाकाशी वाकून गुपचूप थोडी हवा सोडून गेले. बाबाराव फुटकी सायकल घेऊन जायला निघाले तेव्हा रुख्माबाईने त्यांना थांबवलं. बाबारावांना पळून जावंसं वाटलं, पण दोन्ही टायर फुटलेल्या सायकलीवर पळणार कुठे.

"वहिनी, त्यानं घरी सांगतलं होतं काय, मी काय बोललो थे?"

"सांगतलं. त्या दिवशी जेवले नाई," रुख्माबाई म्हणाली. तिने ते जराही मऊ करून सांगितलं नाही. बाबारावांनी मान खाली घातली.

ती आत गेली आणि ट्यूबांसकट दोन टायर घेऊन आली. कोरे करकरीत, बाबारावांच्या सायकलच्या मापाचे, अजून कागदात गुंडाळलेले.

"दवाखान्यात जाच्या आठ दिवस आधी आनले होते," ती म्हणाली. "म्हने, बाबाराव मशीननं हवा भरून राह्यला. मे लागला का फुटनच. पन लाजन, दुकानात येनार नाई, तवा मीच नेऊन देतो. रोज रस्त्याकडं पाहत होते, भाऊ. तुमची सायकल वाजत गेली का म्हनत, आज बी नाई फुटला."

बाबारावांनी टायर दोन्ही हातांनी छातीशी धरले.

"आन सावंगीले नेलं तवा मले सांगून गेले," रुख्माबाई म्हणाली, "टायर देजो, पन हवा त्याले भरू देऊ नको."

मयुरी तानबाची हत्यारपेटी घेऊन आली. त्यात तीनच पाने होते. बाबारावांनी तिथेच ओसरीत बसून टायर चढवले. हरवलेल्या तीन छर्‍यांच्या जागी मयुरीने डबीतून तीन काढून दिले आणि बापाची नक्कल करत, कोणी बसवलं हे, असं विचारलं. रुख्माबाई पंप घेऊन उभी राहिली. डोळ्यांतलं पाणी तसंच ठेवून तिने मोजून पंप मारले, खाली वाकून अंगठ्याने टायर दाबला आणि थांबली.

बाबारावांनीही अंगठा लावून पाहिला. टायर मऊ लागत होता.

"अजून दोन पंप बसतीन, वहिनी," ते म्हणाले.

रुख्माबाईने त्यांच्याकडे पाहिलं, आणि पंपाची नळी काढून घेतली.