दयाळ का चिरक

आमच्या शेजारच्या दस्तगीरचाचांकडं कुणी गादी भरून घ्यायला आलं, की चाचा आधी कापसाचं बोलायचं न्हाईत. माणसाला वरपासनं खालपतोर बघायचं आन म्हणायचं, "ह्यो दयाळ." न्हायतर, "ह्यो चिरक."

दोनी काळी-पांढरी पाखरं, भावकीतलीच. पर एकाला दुसऱ्याच्या नावानं हाक मारली की चाचांचं पिंजणं बंद, गिऱ्हाईक गेलं उडत. "दयाळाचं पोट पांढरं! चिरकाच्या शेपटीखाली तांबडं! डोळं हाईत का बटणं?"

माझ्या सासूबाई दयाळ. "उंच जागा बघून गाणार, शेपटी वर." सासूबाईंनी आठ दिस बोलणं टाकलं. आन मी? "तू चिरक गं पोरी. भिताडाच्या कडंकडंनं पळतीस."

पळतच हुते की मी. गावात पलेग आलेला, मांडीवर सा म्हयन्याचं लेकरू, दुसरीपतोर शिकलेली मी, काय सुचणार? दवंडी आली, घरातली बिळं बुजवा. मागच्या भितीतल्या भोकात खसखस ऐकली, आतल्या अंगाला पाळणा. शेण-माती कालवली आन भोक गच्च लिंपून टाकलं. चाचा गारगोटीला गाद्या भरायला गेलतं. असतं तर आरडून हात धरला असता.

दुसऱ्या दिवशी बघते, तर चिरकाचा नर चोचीत आळी धरून त्या भितीवर आपटतोय, मागं फिरतोय, परत आपटतोय. उकरावं म्हटलं तर हात जाईना. आत उंदीर असला तर? पिल्लं असली तर? दोनीचं भ्या. आजून वाटतं, तवाच उकरायला पायजे हुतं. न्हाय उकरलं.

तिसऱ्या दिवशी चाचा आलं. "भोक कुणी बुजीवलं?"

"मी. उंदीर वाटला, चाचा."

आरडलं न्हाईत. बोटांनी माती काढली, हात आत घातला, माझ्याकडं पाठ केली.

"रिकामं हाय की गं!" आवाज मोठाच काढला. "पिल्लं कवाच उडाली. जा, लेकराकडं बघ तू."

नर कौलावरच बसलेला, चोचीत आळी तशीच. पाखराच्या बाबतीत चाचा जलमात खोटं बोललं नव्हतं. मी "व्हय चाचा" म्हटलं.

परसाचं दार त्यांनी डाव्या हातानं उघडलं. उजवी मूठ मिटलेलीच हुती.