साडूचा घोडेस्वार

उगाच आव आणत नाही, मला साडूचा हेवा वाटतो. त्याच्या पगाराचा नाही, केसांचा नाही (केसांचा थोडा वाटतो), त्याच्या बोटभर उंचीच्या घोडेस्वाराचा वाटतो.

छोटे सैनिक रंगवायचा नाद नात्यात पहिल्यांदा मला लागला. साडूने तो माझ्याकडून उचलला आणि वर मलाच एक घोडेस्वार भेट दिला. बायकोने तो शोकेसमध्ये पुढच्या रांगेत ठेवला. माझी अख्खी पलटण मागे सरकली.

"भाऊजींचा किती खरा वाटतो," ती म्हणाली. "त्याचा अंगरखा बघा, कापडाचाच वाटतो. तुमचे सगळे अंगाला तेल चोपडून उभे आहेत."

नाकाला मिरच्या झोंबल्या, पण ती खोटं काय बोलली? मॅट रंग वापरूनही माझे शिपाई चकाकत होते. रोज ऑफिसातून आलो की मी एकेकाला हातात घ्यायचो, रुमालाने खसाखसा पुसायचो आणि साडूच्या स्वाराशेजारी धरून बघायचो. रोज माझाच जास्त चमकायचा. साडूला विचारलं असतं तर दोन मिनिटांत उलगडा झाला असता, पण त्याला विचारण्यापेक्षा मी सगळं सैन्य भंगारात दिलं असतं. मला एवढंच हवं होतं, की बायकोने एकदा, फक्त एकदा, माझा एखादा शिपाई आपण होऊन पुढच्या रांगेत ठेवावा.

रविवारी संध्याकाळी साडू आणि मेहुणी चहाला येणार असं कळलं आणि मी तडक जाऊन मॅट वार्निशचा स्प्रे आणला.

"मोकळ्या हवेत, हातभर लांबून, हलका हात फिरवा," दुकानदाराने बजावलं.

मोकळी हवा म्हणजे आमची गॅलरी. तिथे धुतलेल्या चादरी वाळत होत्या. घरात फवारलं तर वास, आणि वास आला तर बायको. मग माझं डोकं चाललं (ते चाललं की मी खरं तर सावध व्हायला हवं). शोकेसला काचेची सरकती दारं आहेत. आत वारा नाही, बाहेर वास नाही, पलटण हलवायचीही गरज नाही. बायको बिस्किटं आणायला खाली गेली, तसा मी साडूचा स्वार तेवढा बाहेर काढून टेबलावर ठेवला. त्याला फुकटचं वार्निश कशाला?

दार चार बोटं सरकवून मी डबा आत धरला. सुरुवातीला हात हलकाच होता. मग साडूच्या स्वाराचा तो अंगरखा आठवला आणि हात जड झाला. डबा फुसफुसून रिकामा झाला तेव्हाच मी थांबलो आणि दार लावून घेतलं.

आतलं धुकं विरेल म्हणून वाट पाहिली. विरेना. काच बाहेरून पुसली. काही फरक नाही. धुकं आतून काचेला कायमचं चिकटलं होतं.

बायको पिशवी घेऊन शोकेससमोर उभी राहिली.

"काचेला काय झालं?"

"मॅट फिनिश दिलंय."

"काचेला?"

"दिलं सैनिकांना. काचेनेही घेतलं."

"आत सैनिक आहेत ना?"

"असावेत."

तिने दार सरकवलं. पलटण आतच होती, पण पिठात लोळून आल्यासारखी. मी जीव ओतून काढलेल्या मिशा कुणाच्याच तोंडावर दिसत नव्हत्या. तेवढ्यात बेल वाजली.

साडूने सगळं शांतपणे पाहिलं. हसला असता तर बरं झालं असतं. शेवटी मीच शरण गेलो.

"तुम्ही कुठलं वार्निश मारता?"

"मी? काहीच नाही. रंग मुळातच मॅट असतो. रंगवायचा, ठेवायचा, पुन्हा हात लावायचा नाही. घासलं की चकाकायला लागतो. तुम्ही पुसत वगैरे नाही ना?"

मी बिस्किट चहात बुडवलं.

"रोज," बायको म्हणाली. "रुमालाने. मग तुमच्या स्वाराशेजारी धरून बघतात आणि सुस्कारा टाकतात."

मेहुणीला चहाचा ठसका लागला. साडूने एक पांढरा शिपाई उचलला आणि म्हणाला, "हात मात्र तुमचा माझ्यापेक्षा चांगला आहे हो." त्याच्या मनाचा मोठेपणाही मॅटच, कुठे म्हणून चमकत नव्हता. मला त्याचाही हेवा वाटला.

सकाळी उठून पाहतो तर शोकेसचं दार थोडं उघडं, आणि आत पुढच्या रांगेत, अगदी मधोमध, माझे तीन शिपाई. मी तडक स्वयंपाकघरात गेलो.

"तू ठेवलेस?"

"हो."

"आणि भाऊजींचा स्वार?"

"तो टीव्हीशेजारी ठेवलाय. त्या आंधळ्या काचेमागे कुणाला दिसणार होता?" ती म्हणाली. "आणि तो रुमाल इकडे द्या आधी."