पाण्याची झडती

पिंपळखुटेकाका समोर आलेलं पाणी लगेच प्यायचे नाहीत. आधी पेला उजेडाकडे धरायचे, मग हुंगायचे आणि मग देणाऱ्याच्या तोंडाकडे बघून विचारायचे, "ह्याला हात कोणाकोणाचे लागले?" माझ्या धाकट्या बहिणीला बघायला महूहून मंडळी आली, तेव्हा शेजारी म्हणून काकाही बैठकीत होते. बहीण पाण्याचा ट्रे घेऊन बाहेर आली आणि काकांनी सगळ्यांसमोर तिला हाच प्रश्न विचारला. लग्न जमलं, पण सासरी तिला अजून त्यावरून चिडवतात.

छत्रीबागेत आमच्या समोरच्या घरात ते राहायचे. कापडाच्या मिलमध्ये होते, पण साच्यावर, म्हणजे मागावर, नव्हते की हापिसात नव्हते. ते गेटवर असायचे. पाळी सुटली की कामगार एकेक करून त्यांच्यासमोर हात वर करून उभे राहायचे आणि काका खांद्यापासून पोटऱ्यांपर्यंत चाचपून सोडायचे. कोणी सुताची लडी पोटाशी बांधून नेतंय का, कोणी कापडाचा तुकडा पायजम्यात घातलाय का, हे बघणं ही त्यांची नोकरी. सगळी हयात त्यांनी दुसऱ्याचे खिसे चाचपले. साहजिकच मिलमध्ये त्यांना दोस्त कोणी नव्हता. रोज आपली कंबर चाचपणाऱ्याला लग्नाचं आवतण कोण देणार?

मग मिल बंद पडली. शहरातल्या बाकीच्याही एकामागून एक पडत होत्याच. भोंगे गेले, घरोघरी केबल आली, बाजारात नवनवीन माल आला, आणि स्टेशनवर चक्क पाणी विकायला लागले. सीलबंद बाटली बघून काका हरखले. कितीतरी वेळ ते त्या झाकणावरून अंगठा फिरवत होते. शेवटी दुकानदाराला म्हणाले, "सील तो बढिया है भिया. पर लगाया किसने? आपने देखा?" दुकानदाराने बाटली काढून घेतली.

त्याच वर्षी काकूही गेल्या. मूलबाळ नव्हतं. घरात काका आणि त्यांचा संशय, दोघेच उरले. गेट नसल्यामुळे तो संशय आता मोकाट सुटला. दूधवाला ठीक आहे, त्याच्यावर संशय आम्ही सगळेच घेतो. पण काका पोस्टमनवर घ्यायचे, बडा गणपतीच्या प्रसादावर घ्यायचे, आणि मी शाळेतून उशिरा आले तर माझ्यावरही घ्यायचे. "जोशीबाई, शाळा पाचला सुटते ना? मतलब, मी सहज विचारतोय."

त्यांना पुन्हा गेट मिळालं ते माझ्यामुळे.

मिलच्या मागे कामगारांची चाळ होती. मिल चालू होती तोवर चाळीला पाणी मिलच देत असे. मिलला कुलूप लागलं तसं पाणीही बंद झालं, आणि लोक नाल्याकाठच्या हातपंपाचं पाणी प्यायला लागले. घरटी कोणी ना कोणी काविळीने पडायला लागलं. आरडाओरड झाली, तेव्हा वरून हुकूम आला: सरकारी खातं, कॉलेज, कारखानदार आणि मोहल्ल्यातले स्वयंसेवक, अशा चौघांनी मिळून दर महिन्याला पाणी तपासा. चौघांचा एकच अहवाल आला, चौघांच्या सह्यांनिशी, तर चाळीला नर्मदेच्या पाण्याची लाइन टाकून देऊ.

म्हणजे लाइन कधीच द्यायची नव्हती, असा मला तेव्हा संशय आला होता आणि आजही आहे. कारण ह्या चौघांचं एकमत होणार कसं? खात्याचे शर्माजी पहिल्याच बैठकीत म्हणाले, "पानी एकदम फर्स्टक्लास है." रंगाईच्या कारखान्यांतर्फे आलेले मेहताजी म्हणाले, खराब असेल तर चाळीच्या संडासांमुळे, आमचा काही संबंध नाही. कॉलेजातल्या बर्वेबाईंना दोघांनी आपापल्या गाडीतून घरी सोडायची तयारी दाखवली, म्हणून त्या दोघांनाही घाबरून रिक्षाने गेल्या. स्वयंसेवकांतर्फे मी होते, आणि मला तर तिघेही चोर वाटत होते. बाटल्या भरून सील कोणी लावायचं ह्यावर सगळं अडलं. जो तो म्हणे, मी लावतो, बाकीचे पाणी बदलतील. तेव्हा मी म्हटलं, आमच्या समोर एक गृहस्थ राहतात, त्यांचा तुम्हा सगळ्यांवर सारखाच अविश्वास असेल. तिघांनाही ते पटलं. समितीचं पहिलं एकमत काकांवर झालं.

रविवारी सकाळी काका हातपंपावर हजर झाले ते मिलचा खाकी कोट घालून. हातात लाख, मेणबत्ती, दोरा आणि शिक्का म्हणून गेटवरचा जुना पितळी बिल्ला. पाण्याला हात लावायच्या आधी त्यांनी आम्हाला रांगेत उभं केलं. "हाथ ऊपर." मेहताजी हसले, मग काका हसत नाहीत हे बघून त्यांनी हात वर केले. त्यांच्या खिशात पांढऱ्या गोळ्यांची पुडी निघाली. काकांचे डोळे चमकले. ह्या पाण्यात टाकायच्या औषधाच्या गोळ्या, असं त्यांनी जाहीर केलं. मेहताजी शपथेवर सांगत होते की त्या ॲसिडिटीच्या आहेत. शेवटी त्यांना एक गोळी सगळ्यांसमोर चघळावी लागली. बर्वेबाईंची आणि माझी पर्स तेवढी त्यांनी आम्हालाच उलटी करायला लावली, अंगाला हात लावला नाही.

काकांचे नियम दोनच. एक म्हणजे नऊ वाजले की पाणी काढायचं, भोंगा वाजल्यासारखं, मग कोणी आलेलं असो वा नसो. दुसरा म्हणजे चौघांच्या सह्या झाल्याशिवाय माल गेटबाहेर जाणार नाही. नऊला बादली भरायची, तिच्यातून चार बाटल्या भरायच्या, आणि मग शर्माजींची वाट बघायची. शर्माजी पोहे-जलेबी आटोपून अकराच्या पुढे उगवत. तोवर चार बाटल्या उन्हात आणि काका त्यांच्यासमोर स्टुलावर. सह्या झाल्या की लाख लागायची, आणि जो तो आपली बाटली घेऊन आपापल्या प्रयोगशाळेची वाट धरायचा. शर्माजींची बाटली सोमवारपर्यंत हापिसच्या कपाटात. मेहताजींची गाडीच्या डिकीत. माझी, खोटं कशाला बोलू, स्वयंपाकघरात कांद्यांच्या टोपलीशेजारी.

चार अहवाल चार तोंडांचे आले. पुढच्या महिन्यातही तेच. भांडणं पेटली. पाणी बदललं कोणी? मध्येच एका संध्याकाळी मेहताजींची गाडी काकांच्या दारात दिसली. काका फुटले! मी खिडकीच्या पडद्याआडून पाहत राहिले. ड्रायव्हरने मिठाईचा डबा पुढे केला. काकांनी त्यातली एक बर्फी त्यालाच खायला लावली, मग डब्याला दोरा गुंडाळला, लाख लावली, बिल्ला उमटवला आणि डबा परत धाडला. मी पडद्याआडून बाजूला होतेय तोच समोरून आवाज आला, "जोशीबाई, दिसलं ना नीट?"

खरा चोर कोण ते बर्वेबाईंनी सांगितलं. चोर कोणीच नव्हता. पाण्यातले जंतू जिवंत असतात, उन्हात आणि कपाटात ठेवले की काही वाढतात, काही मरतात. पाणी काढलं की तडक बर्फात घालून एकाच प्रयोगशाळेत पोचलं पाहिजे. सह्या, लाख, वाट बघणं, ह्यातच सगळं बिघडत होतं. एकाने बाटली घ्यावी आणि पळत सुटावं, बाकीच्यांनी त्याच्यावर विश्वास ठेवावा.

"एकाच्या हाती?" काका उठून उभे राहिले. "रस्त्यात त्याने काय केलं, कोणी बघितलं? आणि बर्फ? बर्फाला हात कोणाकोणाचे लागले?" ते बैठकीतून निघून गेले. समिती मोडल्यातच जमा होती.

त्या आठवड्यात बाबूलालची नात दवाखान्यात भरती झाली. बाबूलाल चाळीतला जुना साचेवाला, काकांनी रोज चाचपलेल्यांपैकी एक. मी दवाखान्यात गेले तेव्हा पोरगी खाटेवर निजली होती, डोळे हळदीसारखे पिवळे. आणि बाहेर बाकावर काका. आत गेले नव्हते. मला म्हणाले, "तो मला बघून काय म्हणेल, बाई? मी त्याला कधी नमस्कारसुद्धा केलेला नाही. फक्त हात वर करायला सांगितले."

पुढच्या रविवारी काका हातपंपावर आले. त्यांनी बर्फाचा थर्माकोलचा डबा स्वतः धुतला, बाटली भरली, डब्यातल्या बर्फात ठेवली आणि डबा माझ्या लुनाच्या मागे बांधला. लाख पेटवली नाही. मी विचारलं तर दुसरीकडे बघत म्हणाले, "लाख गरम असते. पाणी तापेल उगीच. जा तुम्ही."

मी लुनाला किक मारली. मागून पुन्हा आवाज आला, "कुठे थांबू नका!" मी थांबले नाही. काकांचा विश्वास मात्र एकट्या माझ्यापुरताच होता. मी कॉलेजात पोचून चाळीच्या नाक्यावरच्या पीसीओवर फोन करेपर्यंत त्यांनी मेहताजींना आणि बर्वेबाईंना हातपंपापासून हलू दिलं नाही. शर्माजी पोहे खाऊन आले, त्यांनाही त्यात बसवलं.

ह्या वेळी अहवाल एकच होता, आणि पाणी वाईट होतं. शर्माजींनी बरीच कुरकुर केली, पण काका त्यांच्या टेबलाशी स्टूल टाकून बसले आणि सही होईपर्यंत उठले नाहीत. लाइन यायला त्यानंतरही पुष्कळ दिवस लागले. पण आली. बाबूलालची नातही तोवर बरी होऊन घरी आली होती.

नळाला पहिलं पाणी आलं त्या दिवशी सगळी चाळ बाहेर होती. कोणी नारळ फोडला, पोरं एकमेकांना भिजवत होती. काका चाळीच्या तोंडाशीच उभे. मी म्हटलं, चला ना आत. म्हणाले, "नको, इथूनच दिसतंय."

बाबूलालने त्यांना बघितलं. तो गर्दीतून सरळ आला आणि काकांसमोर उभा राहिला.

"बाबूजी, अंदर जाना है?"

काकांची नजर आतल्या नळाकडे गेली.

"तो हाथ ऊपर."

काकांनी त्याच्याकडे बघितलं, आणि हळूहळू दोन्ही हात वर केले. बाबूलालने त्यांचे खांदे चाचपले. पाठीवरून हात फिरवला, बगला, बरगड्या, कंबर, अगदी काका करायचे तसं. कोटाच्या खिशातून लाखेचा खडा आणि पितळी बिल्ला निघाला. "ये क्या ले जा रहे हो, बाबूजी?" चाळ हसली. मग दुसरा आला, मग तिसरा. गेटवरून रोज गेलेले म्हातारे साचेवाले, रंगवाले एकेक करून पुढे येत होते, झडती घेत होते, आणि प्रत्येक जण पाठीवर हात जरा जास्तच वेळ ठेवत होता. काकांचे डोळे मिटलेले. सगळे संपले तरी त्यांनी हात खाली घेतले नाहीत. काकू गेल्यापासून त्या माणसाच्या पाठीवर कोणी हात ठेवला नव्हता, हे मला तिथे उभ्या उभ्या कळलं. मी पदर डोळ्यांना लावला, लपवायचं काही कारण नव्हतं.

बाबूलालच्या नातीने नळाचं पाणी पेल्यातून आणून दिलं. काकांनी ते हुंगलं नाही, उजेडाकडे धरलं नाही. पिऊन टाकलं.

परत येताना ते छत्रीबागेच्या वळणावर थांबले आणि कोट चाचपत म्हणाले, "बाबूलालला झडती नीट येत नाही हो. डावा खिसा तसाच राहिला." मग घराचं कुलूप काढता काढता स्वतःशीच म्हणाले, "उद्या जाऊन सांगतो त्याला."