राबायला आलेले पाहुणे

फुकट कामाला माणसं येणार म्हणून एर्सिलिया आठवडाभर मरमर काम करत होती. अंगण धुऊन झालं, खिडक्या पुसून झाल्या, पेटीत घड्या मोडायची वाट बघत पडलेल्या चादरी उन्हात टाकून झाल्या. पाय प्लास्टरमध्ये घालून चुलीपाशी बसलेला तिचा नवरा कार्मिने हे सगळं मुकाट्याने बघत होता. शेवटी त्याला राहवलं नाही.

"अगं, ती माणसं स्वतःच्या गाडीत झोपणार आहेत. चादरी कुणाला?"

"लागल्या तर?"

"आणि ऑलिव्ह तोडायला येतायत ती. लग्नाला नाही."

"तू गप बस. शिडीवर चढताना नाही अक्कल सुचली, आता मला शिकवतोय."

या शिडीपायीच तर सगळं रामायण झालं होतं. कार्मिने झाडावरून पडला, आणि दूर तोरिनो शहरात राहणाऱ्या त्यांच्या मुलीने, लोरेदानाने, फोनवर निर्वाणीचं सांगितलं. "या वर्षीचं तेल तुमच्या हातून निघालं तर राहा तिथे. नाही निघालं, तर दोघांनी गुपचूप इकडे यायचं. मी खोली रंगवून ठेवलीय." पोरगी बोलायला कडक, पण न्यायाची. तिनेच मदतीला माणसं शोधून दिली. कॅम्पर व्हॅन घेऊन गावोगाव फिरायचं, कुणाच्या तरी शेतावर अर्धा दिवस राबायचं आणि बदल्यात जेवण आणि गाडी उभी करायला जागा घ्यायची, असं करणारे लोक असतात म्हणे. वीबे आणि फेम्के नावाचं हॉलंडचं एक जोडपं यायला तयार झालं.

तोरिनोतल्या पाचव्या मजल्यावर आपण महिनाभरसुद्धा टिकणार नाही, हे एर्सिलियाला पक्कं ठाऊक होतं. तिथे अंगण नाही, कोंबड्या नाहीत, भांडायला शेजारीण नाही. घाण्यावरची पाळी शनिवारी होती. ती चुकली की मग सगळ्यांच्या मागे नंबर, आणि तोवर फळ झाडाखाली सडलेलं. म्हणजे शनिवारपर्यंत झाडांवरचं सगळं फळ उतरवायचं, नाहीतर घराला कुलूप. इतकं सरळ होतं ते.

सोमवारी व्हॅन आली आणि पहिल्याच वळणावर अडकली. आमच्या गावातल्या गल्ल्या गाढवाच्या मापाने बांधलेल्या, त्यात ते पांढरं धूड. शेजारणीच्या, फिलोमेनाच्या, गॅलरीखाली ते असं रुतलं की पुढेही जाईना, मागेही येईना. आता गावची रीत अशी, की परका माणूस ज्याच्या दारात थांबेल त्याने त्याला आधी खाऊ घालायचं. एर्सिलिया धावत पोचेपर्यंत फिलोमेनाने खिडकीतूनच पाहुण्यांच्या हातात वाटाणे-घेवड्याच्या सुपाचे वाडगे दिले होते, आणि दोघं दुसऱ्यांदा वाढून घेत होती.

"माझी माणसं आहेत ती," एर्सिलिया म्हणाली.

"असतील की. पण चाक माझ्या उंबऱ्याशी आहे," फिलोमेना म्हणाली आणि पावाचा आणखी एक तुकडा कापला.

गावातल्या बाप्यांनी फुलांच्या कुंड्या उतरवल्या, आरसे दुमडले, ढकलाढकली केली आणि संध्याकाळी एकदाची व्हॅन एर्सिलियाच्या ऑलिव्हच्या झाडांशी जाऊन उभी राहिली. पण एर्सिलियाच्या मनातून ते सूप काही जाईना. रात्रीच्या जेवणाला तिने हाताने वळलेला पास्ता केला, वर डुकराच्या मांसाचा रस्सा, मग ससा, मग चीज, मग अंजिरं. वीबे चांगला खांबासारखा उंच माणूस, पण खुर्चीवरून उठताना त्याला टेबलाचा आधार घ्यावा लागला.

मंगळवारी उजाडताच दोघं हातमोजे घालून दारात हजर. फेम्केने वर्षभर खपून आपली भाषा शिकून घेतली होती. हळू बोलायची, पण एकेक शब्द नीट.

"मावशी, सुरुवात कुठून करू?"

"बसा आधी. काहीतरी खाऊन घ्या."

"आम्ही खाल्लंय."

"गाडीत खाल्लंय. गाडीतलं खाणं म्हणजे काय खाणं का?"

झालं. न्याहारी आटपेपर्यंत दहा वाजले. मग बाहेर थंडी आहे, ऊन पडू दे म्हणून कॉफी. मग एवढ्या उशिरा कामाला लागून काय करणार, जेवायची वेळ झालीच, म्हणून जेवण. जेवणानंतर मात्र पाहुणे आपणहूनच झोपले. जागे झाले तेव्हा नोव्हेंबरचा सूर्य डोंगरामागे गेला होता.

"अगं बाई, त्यांना झाडाजवळ तरी जाऊ दे," कार्मिने म्हणाला.

"पाहुण्याला शिडीवर चढवू? माझी आई थडग्यातून उठून येईल."

"आपण मजूर बोलावलेत की जावई?"

कळत एर्सिलियालाही होतं. पण दाराशी आलेल्या माणसाच्या हातात फळं ओरबाडायची फणी देऊन 'जा, झाड विंचर' म्हणायला तिची जीभच उचलेना. आणि खोटं कशाला बोला, आमच्या गावात कुणाचीच उचलली नसती. मग तिने तिच्या डोक्याने मार्ग काढला. बुधवारी पाहुणे उठायच्या आत ती अंधारातच झाडांत गेली, जाळ्या अंथरल्या, आणि या वयात एकटीने एक अख्खं झाड उतरवलं. म्हणजे पाहुणे राबले नाहीत आणि कामही झालं.

फेम्केने भरलेल्या पेट्या बघितल्या. "हे कुणी केलं?"

"वारा सुटला होता रात्री," एर्सिलिया म्हणाली. "बसा, अंडी तळते."

गुरुवारी तिने दोन झाडं धरली, त्यातलं एकच झालं. शिवाय स्वयंपाक होताच, कारण फिलोमेना काही स्वस्थ बसणारी नव्हती. तिने पाहुण्यांना दुपारी ओढून नेलं, मग तिच्या जावेने, मग पोस्टाजवळच्या बेकरीवाल्याने. परत येताना प्रत्येकाने काहीतरी हातात दिलेलं असायचं. व्हॅनमधलं कपडे ठेवायचं कपाट सॉसेजने भरलं, आणि पलंगाखाली टोमॅटोच्या बाटल्या एकमेकींना लागून किणकिणायला लागल्या.

त्याच संध्याकाळी लोरेदानाचा फोन आला. "आई, किती झालं?"

"होत आलंच की."

"माणसं कामाची आहेत ना?"

"फार गुणी आहेत," एर्सिलिया म्हणाली, आणि ते खरंच होतं. दोघं स्वतःची ताटं धुवायचा हट्ट धरायची. वीबेने कुणी न सांगता कोंबड्यांच्या खुराड्याचं बिजागर बसवून दिलं होतं, तेही चोरून, एर्सिलिया दळण आणायला गेली होती तेव्हा.

"मग मी शनिवारी येतेच. तेल घाण्यावरूनच बघते."

फोन ठेवते तोच दारावर टकटक झाली. वीबे आणि फेम्के उभी. दोघांचे चेहरे पडलेले.

"मावशी, आम्ही उद्या निघतो."

एर्सिलियाने सवयीने आधी दोन खुर्च्या ओढल्या. "का? ससा खारट झाला होता?"

"ससा छान होता. सगळंच छान होतं," फेम्के म्हणाली. तिला रडू येत होतं. "पण आम्ही काही कामच केलं नाही. काम न करता जेवायचं आम्हाला जमत नाही. रात्री झोप लागत नाही. आमचं काय चुकलं, तेवढं सांगा. तुम्ही आम्हाला झाडांना हातसुद्धा लावू देत नाही."

"पाहुण्याने काम करायचं नसतं, पोरी."

"आम्ही पाहुणे नाही आहोत."

एर्सिलियाच्या काळजाला ते लागलं. चार दिवस जीव ओतून खाऊ घातलं, आणि ही म्हणते पाहुणे नाही. ती काही न बोलता आत गेली आणि कार्मिनेला ऐकू जाईल अशा बेताने कपाटाची दारं आपटली.

शुक्रवारी पहाटे ती नेहमीपेक्षाही लवकर उठली. रागाच्या भरात सगळीच झाडं आज उतरवते, असं तिने ठरवलं. पहिल्या झाडाची जाळी ओढली, पेटी उचलली, आणि कमरेत अशी काही उसण भरली की ती तिथेच झाडाच्या बुंध्याला टेकून बसली. उठता येईना, हाकही मारवेना. हाक मारावी तर पाहुणे धावत येणार आणि चोरी उघडी पडणार. उजाडेपर्यंत ती तशीच गारठत बसून राहिली.

निघायची तयारी करायला म्हणून वीबे बाहेर आला आणि त्याने तिला पाहिलं. तिची भरलेली अर्धी पेटी पाहिली. पलीकडची उभी, लगडलेली झाडं पाहिली. सगळं त्याच्या ध्यानात आलं. त्याने तिला लहान मुलीसारखी उचलली आणि जवळ होती म्हणून व्हॅनमध्ये नेऊन बाकावर बसवली. फेम्केने कमरेशी गरम पाण्याची पिशवी दिली, पायांवर रग घातला.

तेवढ्यात कुबड्या टेकत कार्मिने आला. त्याने व्हॅनच्या दारातून आत पाहिलं, आणि त्याचा चेहरा हळूहळू उजळला.

"एर्सिलिया, तू कुठे बसलीयेस?"

"दिसत नाही का? गाडीत."

"ही गाडी कुणाची?"

"यांची."

"यांचं घर म्हणजे. आत्ता तू यांच्या घरात आहेस," कार्मिने म्हणाला. "पाहुणी आहेस तू. पाहुण्याने काय करायचं असतं, तूच सांग या पोरांना."

एर्सिलियाने पाहुणीसारखे हात मांडीवर घेतले. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण नवऱ्यापुढे गप्प बसायची ही तिची पहिलीच वेळ. फेम्केला अर्थ कळायला क्षणभर लागला. मग ती जी हसली, ती अगदी तोंडभर. वीबेने हातमोजे चढवले आणि तो निघाला.

त्यानंतर एर्सिलियाचे जे हाल सुरू झाले ते विचारू नका. आधी फेम्केने तिच्यापुढे पाव ठेवला. त्यावर लोणी, आणि लोण्यावर चॉकलेटचा चुरा. सकाळच्या पारी. एर्सिलियाने डोळे मिटून एक घास घेतला.

"आवडलं?" फेम्केने विचारलं.

"फार छान."

"मग आणखी घ्या."

"पोट भरलं गं."

"एवढंसं खाऊन? म्हणजे आवडलं नाही तुम्हाला."

आता हे शब्द आपलेच, हे एर्सिलियाने ओळखलं. दुसरा तुकडा खाल्ला. मग डब्यातलं वाटाण्याचं सूप आलं, त्यात चमचा उभा राहत होता. तेही तिने दोनदा घेतलं, कारण पाहुण्याने नको म्हणायचं नसतं. तोंडाने खात होती, पण डोळे खिडकीबाहेर. जाळीला सुरकुती पडलीय, हे तिला दिसत होतं. फांदीच्या टोकाची फळं राहिलीत, तेही दिसत होतं. पण पाहुणीने यजमानाला शिकवायचं कसं? ती रगाच्या गोंड्याला पीळ घालत बसली.

आणि मग ती बघतच राहिली. पोरं अशी राबत होती, की बाई बाई. वीबे शिडी न लावता नुसत्या उंचीवर निम्मं झाड विंचरत होता. फेम्के खाली गुडघ्यांवर बसून पानं निवडून एकेक फळ पेटीत टाकत होती, आणि दोघं गात होती. चार दिवस मलूल दिसलेली ती तोंडं लाल झाली होती. एर्सिलियाला वाटलं, एवढा आनंद मी यांना माझ्या सशाने नाही देऊ शकले. तिला वाईट वाटलं, आणि कौतुकाने ऊरही भरून आला.

दुपारी फिलोमेना झाकलेलं पातेलं घेऊन आली. पाहुण्यांना आपल्याकडचं खाऊ घालून एर्सिलियाला जळवायचं, हा बेत. समोरचं दृश्य बघून ती थबकली.

"अगं, तू आत बसून खातेस आणि पाहुणे झाडावर?"

"मी पाहुणी आहे," एर्सिलिया म्हणाली. "माझा इलाज नाही. पण तू गावचीच आहेस. परकी माणसं राबतायत आणि तू पातेलं धरून बघत उभी राहणार आहेस का?"

फिलोमेनाचं तोंड लिंबाएवढं झालं. तिने पातेलं व्हॅनच्या पायरीवर ठेवलं, खोचायला पदर नव्हता म्हणून स्वेटरच्या बाह्याच सरसावल्या, आणि जाळीचं टोक धरलं. ती दिसली म्हणून तिची जाऊ आली. जाऊ आली म्हणून बेकरीवाला दुकान बंद करून आला. परक्या माणसांना एकटं राबू देण्याची लाज सगळ्या गावाला एकदमच वाटली. अंधार पडायच्या आत शेवटचं झाड उतरलं, आणि पेट्या ठेवायला जागा पुरेना म्हणून त्या रात्रभर व्हॅनच्या आडोशाला रांगेने मांडल्या.

शनिवारी घाण्यावर तेल पडलं. हिरवंगार, घशाशी झोंबणारं. लोरेदाना तोरिनोहून आली ती थेट तिथेच. तिने पावाचा तुकडा बुडवून खाल्ला, ठसका लागला, डोळ्यांत पाणी आलं. मग तिने भरलेले डबे एकेक करून मोजले.

"बरं. शब्द म्हणजे शब्द," ती म्हणाली. "राहा इथेच. पण आई, थंडीपुरती तरी ये. राहायला नको, नुसती पाहुणी म्हणून ये. बसून राहायचं, आयतं खायचं. कुणी तुला काडीही उचलू देणार नाही."

कमरेला पट्टा बांधून टेकत उभ्या असलेल्या एर्सिलियाच्या अंगावर काटा आला.

"नको गं बाई. एक दिवस पाहुणी होऊन बघितलं मी. हात मांडीवर ठेवून दुसऱ्याला राबताना बघायचं, याच्यासारखी शिक्षा नाही."

"मग त्या रंगवलेल्या खोलीचं काय करू?"

एर्सिलियाने पेट्या धुणाऱ्या वीबे आणि फेम्केकडे पाहिलं. दोघांचे हात कोपरापर्यंत काळे झाले होते, आणि त्यांचं हसणं काही थांबत नव्हतं.

"यांना दे. पुढच्या महिन्यात तिकडूनच जाणार आहेत," ती म्हणाली. "पण एक कर. आल्या आल्या भिंत घासायला लाव, जिना धुवायला लाव, काय वाटेल ते लाव. माझ्यासारखी त्यांना कामावाचून उपाशी ठेवू नकोस."